वाडा खालून वर वाचावा : जुन्या नाशकातली घरं आणि ती बांधणारी माणसं

जुन्या नाशकात कुठल्याही वाड्याच्या ओसरीवर चौकशी करा, "पेशवाईतला आहे" हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नसतं, पण बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. जोतं पेशवाईतलं, माडी इंग्रजी अमदानीतली, छप्पर त्याच्याही नंतरचं आणि रस्त्याकडची बाजू दुकानासाठी फोडून शटर बसवलेली, असा हिशेब निघतो. चार पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घरात हात घातलेला असतो. म्हणून वाडा किती जुना हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा कुठला भाग किती जुना, हे विचारावं. आणि बघायला सुरुवात नक्षीदार खांबांपासून नव्हे, पायापासून करावी.

नाशकात पायाच्याही खाली गाव आहे. गोदेच्या काठची जुनी गढी म्हणजे नुसता मातीचा ढिगारा नाही. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीनं ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. घर पडायचं, त्याच मातीवर दुसरं उभं राहायचं, अशी ती टेकडी चढत गेली. आतमध्ये खडक नाही. राख, खापरं आणि पडलेल्या भिंतींची माती आहे. म्हणून दर पावसाळ्यात गढीची कड ढासळते आणि वरच्या घरांना नोटिसा निघतात. गावठाणातल्या उंचवट्यावर पाया खोदताना चार-पाच फुटांवर काळी, भुसभुशीत, खापरांनी भरलेली माती लागली, तर तिथेही हाच प्रकार समजावा. असल्या भरावावर नवा कॉलम उतरवताना खाली मूळ जमीन लागेपर्यंत जावं लागतं. ठेकेदार मध्येच थांबला, की दोन पावसाळ्यांत भेग पडतेच.

इथे राहणारे कोण होते, याचा जुना लेखी पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यात आहे. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आजचं गोवर्धन. ज्या गावात दोन-दोन विणकर श्रेणी ठेवी घेऊन वर्षानुवर्षं व्याज देत होत्या, ते गाव चार झोपड्यांचं नव्हतं. त्या विणकरांची घरं आज दाखवता येत नाहीत. मातीची आणि लाकडाची घरं टिकत नाहीत, टिकला तो कोरलेला दगड.

पुढचा मोठा थर मुसलमानी अमदानीचा. गावाचं नाव तेव्हा गुलशनाबाद होतं. काझीपुरा, कोकणीपुरा या वस्त्या आणि पिंजारघाटावरची बडी दर्गा त्या काळाची साक्ष देतात. जुन्या नाशकावर लिहिताना हा थर गाळून एकदम रामायणावरून पेशवाईत उडी मारायची सवय आहे, ती बरी नाही. गावाचे दरवाजे, मोहल्ले, चौकांची आखणी यातलं बरंच काही या मधल्या काळात घडलेलं आहे.

मग आली पेशवाई, आणि तिच्याबरोबर पैसा. नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये गेल्यावर काही वर्षांत त्यांच्या पत्नी गोपिकाबाई नाशकात आल्या आणि त्यांचा मृत्यूही इथेच झाला. राघोबादादांनी गावापासून थोड्या अंतरावर आनंदवल्ली वसवली. पेशव्यांची माणसं तीर्थाच्या गावी राहायला आल्यावर सरदार, सावकार, भिक्षुक, कारकून, सगळेच मागोमाग आले. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये काठावर रामेश्वराचं देऊळ बांधलं, तेच आज नारोशंकराचं म्हणून ओळखतात. गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी १७५६ मध्ये सुंदरनारायण बांधलं. रंगराव ओढेकरांनी शतकाच्या अखेरीस काळाराम उभा केला. या देवळांचा उपयोग घरं ओळखण्यासाठीही होतो. काळ माहीत असलेला घडीव दगड डोळ्यांसमोर असला, की शेजारच्या आळीतलं जोतं त्याच्याशी ताडून बघता येतं. नेमकं साल त्यातून निघत नाही, पण पाथरवटाची टाकी कशी चालली आहे आणि सांधा किती बारीक धरला आहे, याची नजर बसते.

दगडी कामाचा नमुना बघायचा तर सराफ बाजारातला सरकारवाडा आहेच. पण नुसत्या त्याच्यावरून नाशिकच्या घराचा अंदाज बांधू नये, तो सरकारी इमला. सरदाराचं घर पाहायचं तर चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. हे घराणं दिल्लीत पेशव्यांचं वकील होतं. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, तिथलं लाकूडकाम सावकाश बघण्यासारखं. मध्यम ऐपतीचं घर हवं असेल तर भगूरला सावरकर वाडा बघावा, राज्य संरक्षित आहे. आणि तांबट आळी, सोनार आळी, तेली गल्लीतली घरं यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांची रुंदी रस्त्याला दोन-तीन खणांची, खोली मात्र भरपूर. पुढे ओसरीवर धंदा, मधे जेमतेम उजेडापुरता चौक, मागे राहणं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फुटांचं. घराचं माप फुटांत नव्हे, खणांत सांगायची पद्धत होती आणि जुने गवंडी अजूनही तसंच बोलतात.

आता प्रत्यक्ष वाचन. जोतं घडीव काळ्या दगडाचं असेल, थर सरळ असतील आणि सांध्यात नख जेमतेम जात असेल, तर ते मूळ धरायला हरकत नाही. मधेच ओबडधोबड दगड आणि सिमेंटची जाड दर्ज दिसली, की तिथे कधीतरी भिंत फुगून पडलेली आहे. नदीकडच्या वाड्यांना जोतं उंच असतं, चार-पाच पायऱ्यांचं. त्याचं कारण पूर. १९६९ आणि २००८ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुकानात जायला सोपं पडावं म्हणून ज्यांनी जोतं फोडून रस्त्याच्या पातळीला आणलं, त्यांच्या मालात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची उंची गावकरी याच मूर्तीवरून सांगतात) कमरेला पाणी लागायच्या सुमारास पाणी शिरतं.

खांब सगळ्यांत फसवे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलाचे हस्त, खाली दगडी तळखडा, हे पाहिलं की लोक लगेच अठरावं शतक म्हणून मोकळे होतात. पण खांबाच्या बाजूंवरून हात फिरवून बघा. ज्या खाचेत काहीच बसलेलं नाही, अशी रिकामी खाच सापडली, तर तो खांब दुसऱ्या घरातून आलेला आहे. सागवान महाग, एक वाडा पडला की त्याचं लाकूड दुसरा विकत घेई. त्यामुळे खांब घरापेक्षा शंभर वर्षांनी जुना असू शकतो, आणि तशी उदाहरणं दुर्मिळ नाहीत. मूळ जागचा खांब असेल तर त्याचं कुसू तुळईच्या खाचेत बसून वर लाकडी खुंटी मारलेली असते आणि जोडात लोखंड नसतं. खिळा दिसलाच तर त्याचं डोकं आणि अंग बघा. चौकोनी, हातानं ठोकलेला खिळा जुना; गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा किंवा नंतरचा. पाटांवरच्या करवतीच्या खुणाही बोलतात. हातकरवतीच्या रेघा सरळ पण विषम असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात.

भिंतीचा गिलावा कुठे निघालाच असेल तर विटा मोजाव्यात, मुद्दाम उकरू मात्र नये. पेशवाईतली वीट पातळ, दीड-दोन इंच जाडीची, चुन्याच्या भरपूर मसाल्यात बसवलेली. नऊ इंच लांब, तीन इंच जाड आणि पाठीवर खळगा असलेली वीट आली की आपण इंग्रजी अमदानीत शिरलो. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर आली. त्यानंतर मंगलोरी कौल, लोखंडी गर्डर, ओतीव कठडे, रंगीत फरश्या हे सगळं गाडीनं येऊ लागलं. म्हणून तुळईच्या जागी गर्डर दिसला, की तो मजला रेल्वेनंतरचा, मग खालचं जोतं कितीही जुनं असो. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं आणि कौलाच्या उलट्या बाजूला छाप असतो. एक कौल उतरवून वाचायला पाच मिनिटं लागतात, पण ते कोणी करत नाही.

कागदांकडे वळायचं तर सुरुवात नगर भूमापन कार्यालयातून. नुसतं मालमत्ता पत्रक घेऊन परत येऊ नये. त्यावर आजचा धारक आणि अलीकडचे फेरफार एवढंच असतं. चौकशी नोंदवहीचा उतारा मागावा. भूमापन झालं तेव्हा घर कोणाच्या नावे होतं आणि हक्क कशावरून धरला, हे तिथे कळतं. सामाईक भिंत कोणाची, गल्लीत पन्हाळ सोडायचा हक्क कोणाला, असल्या गोष्टीही कधी कधी त्याच पानावर सापडतात, आणि भांडण लागलं तर त्याच कामी येतात.

त्यामागचे कागद मोडी लिपीत. इथे लोक वाचनापेक्षा सालात अडकतात. शक असेल तर ७८ मिळवायचे : शके १७०० म्हणजे १७७८-७९. फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९०. पेशवाईतल्या कागदावर मात्र बहुधा सुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार : ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतं, त्यामुळे महिना जानेवारी ते मे यातला असेल तर ६०० मिळवावे. घरच्या कागदाला पन्नास-साठ वर्षांनी चुकीचं वय चिकटतं ते बहुतेक वेळा फसली आणि शक यांची गल्लत झाल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी नकलेची तारीख मूळ कागदाची म्हणून वाचल्यामुळे. 'नक्कल' हा शब्द माथ्यावर आहे का, ते आधी पाहावं.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या हा नाशिकचा खास ठेवा. आडनाव आणि मूळ गावाप्रमाणे लावलेल्या, यजमानांच्या सह्यांच्या. त्यात शोध घ्यायला मूळ गाव आणि निदान पणजोबापर्यंतची नावं हाताशी हवीत, नाहीतर उपाध्ये बिचारे पानं उलटत बसतात. पण एक गोष्ट ध्यानात येत नाही : नाशिकच्याच घराण्याचा माग नाशिकच्या वहीत क्वचित लागतो. माणूस आपल्याच गावी यात्रेकरू म्हणून कशाला नाव लिहील? त्यानं काशी, प्रयाग, गयेच्या वहीत "राहणार नाशिक" असं लिहिलेलं असतं. घराणं नाशकात कधी आलं, हे ठरवायला तो उल्लेख फार मोलाचा. आधीच्या पिढीच्या नोंदीत दुसरं गाव आणि पुढच्या पिढीच्या नोंदीत नाशिक, म्हणजे स्थलांतर त्या दोन यात्रांच्या मधलं. वह्या जीर्ण झाल्या की उतरवून काढत, त्यामुळे सगळ्यांत जुनी पानं बहुधा एकाच हातची दिसतात; ती खोटी समजू नयेत.

वाडे का पडतात, याचं उत्तर "जुने झाले म्हणून" असं देणं सोपं आहे. सागाला आणि चुन्याला दोनशे वर्षं हे काही मरणाचं वय नाही. पाडतं ते पाणी, आणि पाण्याला वाट करून देतं सिमेंट. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की बाहेरची वाट बंद. ओल आणखी वर चढते, क्षार विटेत साठतात, लोणा लागतो, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या गिलाव्यामागे विटेचं पीठ होतं. बोटाच्या सांध्यानं ठोकून बघा : भद्द आवाज आला की गिलावा सुटलेला आहे. ओल खालून तीन-चार फुटांपर्यंतच असेल तर सिमेंट काढून भिंत एक उन्हाळा तशीच उघडी ठेवावी. क्षार वर आले की कोरड्या ब्रशनं झाडून काढावेत, पाण्यानं धुऊ नयेत, धुतले की परत आत जातात. त्यानंतर चुना.

चुना बाजारातून आणून त्याच दिवशी लावला तर तो भिंतीवर फुलतो, फोड येतात, आणि मग चुन्यालाच नावं ठेवतात. कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्याखाली किमान महिनाभर मुरू द्यावा. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू. ओलीची जागा असेल तर वाळूतला एक भाग कमी करून विटांची बारीक भुकटी घालावी. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, दोन थरांच्या मधे आठवडाभर सवड, आणि त्या काळात ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम करूच नये, चुना घट्ट होण्याआधी वाळतो आणि हातानं पुसला जातो. दसरा ते होळी हा हंगाम.

दुसरी दुखरी जागा म्हणजे भिंतीत गेलेलं तुळईचं टोक. मधली तुळई खणखणीत असते आणि भिंतीतला वीतभर भाग कुजलेला. छपराची पन्हाळ जिथे भिंतीवर गळते, बरोबर त्याच्या खालचं टोक आधी तपासावं. पातळ पेचकस टोचून बघितला आणि तो विनासायास इंचभर आत गेला, तर काम निघालं. टेकू दिल्याशिवाय भिंत उघडू नये. टेकू तळमजल्यापासून एकाखाली एक यायला हवेत, वरच्या मजल्याचा टेकू खालच्या नुसत्या पाटावर उभा केला तर पाटच खाली जातो. पाचर बेतानं ठोकावी, टेकू घट्ट बसेपर्यंतच. झुकलेली तुळई एका दिवसात जॅकनं सरळ करायचा उत्साह नडतो : शंभर वर्षं वाकून बसलेलं लाकूड उचललं की वरची भिंत तडकते. कुजका भाग कापून नवं सागवान तिरक्या जोडानं, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी आणि बोल्ट घालून बसवता येतं. अख्खी तुळई बदलायची गरज कमी वेळा असते, ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात मात्र ती नेहमी असते.

वजनाचा हिशेब कोणी करत नाही. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत कडीपाटावर चार इंच कोबा घातला, तर दोन टनांहून जास्त भार वाढतो, वरची फरशी वेगळी. गच्चीवर १००० लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन, तोही एका कोपऱ्यात. आणि खाली दुकानासाठी दर्शनी दोन खांब काढलेले. असा वाडा मग एखाद्या रात्री श्रावणातल्या पावसात बसतो, आणि दुसऱ्या दिवशी "जीर्ण वाडा कोसळला" एवढंच छापून येतं.

शेजारचा वाडा पाडला गेला की आपला वाडा धोक्यात येतो, हेही उशिरा कळतं. सामाईक भिंतीला बाहेरचा गिलावा कधीच नसतो, कारण तिला बाहेर नव्हतंच. शेजार उघडा पडला की पहिल्याच पावसात ती पाणी पिते, शिवाय बाजूचा आधार गेलेला. शेजारचं पाडकाम सुरू होण्याआधी भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टरनं चिकटवून त्यावर तारीख लिहावी, फोटो काढावेत. पट्टी तडकली की भेग हलते आहे. पाडकाम संपल्यावर पावसाआधी त्या भिंतीला निदान चुन्याचा एक हात आणि माथ्यावर पत्र्याची टोपी द्यायलाच हवी, खर्च कोणी करायचा हे नंतर ठरवा.

मालक आणि कुळं यांचा गुंता सगळ्यांना ठाऊक आहे : भाडं नाममात्र, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, ताबा जाईल म्हणून कूळ हलत नाही. पावसाळ्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक म्हणून नोटीस येते. ती येण्याची वाट न बघता, ३० वर्षांवरच्या इमारतींना लागू असलेल्या कलम २६५-अ प्रमाणे संरचना तपासणी करून घ्यावी, पण लाकडी सांगाड्याची जाण असलेल्या अभियंत्याकडून. नुसता आरसीसीचा अनुभव असलेला माणूस चुन्याची भिंत पाहिली की पाडा म्हणतो.

आणि पाडायचाच ठरला, तर आधी मोजणी. चौकासकट प्रत्येक मजल्याचा नकाशा, खांबांची उंची, खणांचं अंतर. लाकूड उतरवताना प्रत्येक खांब, हस्त आणि तुळईवर नकाशातलाच क्रमांक घालावा, तोही जोडाच्या आतल्या बाजूला आणि तेलरंगानं. खडूचे आकडे पहिल्या सरीत जातात, मग सुट्या खांबांचा ढीग जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकण्याखेरीज कशाच्याच कामाचा राहत नाही.